प्रतिसाद: भरती न होता दारू सुटेल का?

भावाला व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हायला सुट्टी मिळत नाही, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात नुसतं बसून दारू सुटेल का, असं वर विचारलंय. माझ्या मामेभावाची सुटली. पण आधी डॉक्टर गाठा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. ते गटाचं काम नाही. पुढे मात्र गटच. मामेभाऊ तीन आठवडे चहाचा कप धरून गप्प बसायचा. मग शेजारचा म्हणाला, ‘पगाराच्या दिवशी मी लांबच्या रस्त्याने घरी जातो, जवळच्यावर बार आहे.’ हा पटकन बोलला, ‘माझ्या रस्त्यावर दोन आहेत!’ सगळे हसले. तिथून गाडी सुरू झाली. आणि हो, वहिनींना अल-अ‍ॅनॉनच्या सभेला पाठवा, ती घरच्यांसाठीच असते.