चर्चा: लांब केबलमुळे दबणारा आवाज महागड्या केबलने खुलतो का?

खरखर: गिटारचा आवाज दबका येत असेल तर सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगची, ऑक्सिजनमुक्त तांब्याची केबल घ्यावी, असा सल्ला काल एका सदस्याने येथे दिला आणि त्याखाली वाहवाही झाली, म्हणून हा प्रपंच. ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांची धार, जातो तो तांब्यामुळे नव्हे, तर केबलच्या कपॅसिटन्समुळे, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे. सिंगल-कॉइल पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबकीय वेटोळ्याचा, इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) सुमारे 2.5 हेन्री, केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण 100 पिकोफॅरड आणि पिकअपचा स्वतःचा 100 धरला, तर 3 मीटर केबलवर रेझोनन्सचे शिखर, म्हणजे आवाज सर्वांत उठून येतो ती जागा, 5 किलोहर्ट्झजवळ असते. तीच केबल 12 मीटरची केली की ते 2.8 वर येते आणि त्याच्या वरचे सारे झपाट्याने उतरते. केबल आखूड ठेवावी, कमी कपॅसिटन्सची घ्यावी किंवा गिटारजवळच बफर, म्हणजे केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारे छोटे सर्किट, बसवावा. बफरचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) 1 किलोओहम असला, तरी 12 मीटर केबलवर घसरण 130 किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होते. त्याची तक्रार वटवाघळांनी करावी.

तारसप्तक: तो सल्ला माझाच होता. आपली आकडेमोड बिनचूक असेलही, पण महागडी केबल लावताच वरचे सूर मोकळे झाले, हे माझ्यासोबतच्या चौघांनी ऐकले आहे. ते सगळे बहिरे होते, असे आपले म्हणणे आहे काय?

खरखर: बहिरे कोणीच नव्हते. जुनी केबल किती लांब होती आणि नवी किती, एवढेच सांगावे.

तारसप्तक: जुनी 10 मीटर, नवी 3. आता हसून घ्या.

लालबागचा बेंजो: यात हसण्यासारखे काय आहे? दबका आवाज म्हणजे दोषच, हे कोणी ठरवले? माझ्या बेंजोच्या पिकअपची उघडी धार मिरवणुकीत कानात सुईसारखी घुसते आणि लांब केबल ती बोथट करते, म्हणूनच मी ती वापरतो. एकाने आग्रहाने बफर बसवून दिला होता. ऐन मिरवणुकीत त्याची बॅटरी बसली आणि कॅसिओवाला भाव खाऊन गेला.

गजवाली: आपण सगळे मॅग्नेटिक पिकअपवरच का अडला आहात? माझ्या व्हायोलिनला पिझो, म्हणजे दाबातून वीज देणारा पिकअप, आहे. केबल लांब केली की ट्रेबल जात नाही, सगळाच आवाज लहान होतो. वर साउंडवाल्याने तो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला, बेस नाहीसा झाला आणि ‘ताई, तुमचे वाद्यच पातळ आहे’ असे मलाच ऐकवले!

खरखर: पिझो स्वतःच कपॅसिटर असतो. तो 1000 पिकोफॅरडचा आणि केबलही तेवढीच धरली, तर आवाज निम्म्यावर, म्हणजे 6 डेसिबलने खाली येतो, पण सर्व सुरांचा सारखाच. इनपुट मिक्सरच्या लाइन इनपुटसारखा 10 किलोओहमचा असेल तर 8 किलोहर्ट्झच्या खालचे सगळे घसरते. 1 मेगाओहमवर हीच सीमा 80 हर्ट्झवर जाते.

गजवाली: मला 10 मेगाओहम इनपुटचा प्रीॲम्प (मिक्सरआधी सिग्नल वाढवणारा डबा) घ्यायला लावला, तो मग कशासाठी?

खरखर: विकणाऱ्याच्या सोयीसाठी. व्हायोलिनला 1 मेगाओहम पुरतो.

तारसप्तक: म्हणजे व्हायोलिनच्या बाबतीतही कान खोटे आणि आपले कोष्टक खरे!

गजवाली: कान खोटे असे कोणी म्हटलेले नाही. आपण केबलची लांबी आधी का सांगितली नाही, हा प्रश्न मात्र मलाही पडला आहे.

लालबागचा बेंजो: भांडण पुरे. बफर लावूनही माझा बोथटपणा टिकेल का, तेवढे सांगा.

खरखर: टिकेल. बफरच्या आधी, पिकअपला समांतर, 1000 पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडा. त्याचा परिणाम 10 मीटर केबलइतकाच होईल. बफरनंतर जोडलात तर फरक पडणार नाही.

लालबागचा बेंजो: म्हणजे काही रुपयांच्या कपॅसिटरसाठी मी इतकी वर्षे केबलचे वेटोळे खांद्यावर वाहिले. बरे, बॅटरीचे काय?

खरखर: साधा जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर साधारण 1 मिलिॲम्पिअर खातो, त्यामुळे 9 व्होल्टची अल्कलाइन बॅटरी शेकडो तास चालते. मात्र बहुतेक बफर प्लग आत असेपर्यंत चालू राहतात, तेव्हा वाजवून झाले की प्लग काढून ठेवावा.

लालबागचा बेंजो: प्लग महिनाभर आतच होता, हे कॅसिओवाल्याला सांगू नका.