'मेंटेनन्स होल'ला मराठीत काय म्हणायचं?

परळकरीण : मलनिःसारण पंपांच्या देखभाल-पुस्तिकेचा अनुवाद करतेय. मूळ इंग्रजीत आता 'मॅनहोल' जाऊन 'मेंटेनन्स होल' आलंय, 'मास्टर-स्लेव्ह' पंपांचं (एक हुकूम देणारा, दुसरा त्यामागे चालणारा) 'प्रायमरी-सेकंडरी' झालंय. मी 'मनुष्यप्रवेशिका' लिहिलं, पालिकेच्या पत्रकांत असतो तोच शब्द. तपासनिसांचा शेरा : 'लिंगवाचक शब्द टाळा.' मनुष्य लिंगवाचक कधीपासून?

जुना_लेखनिक : व्याकरणात पुल्लिंगी, अर्थाने नाही. 'मनुष्यप्राणी' म्हणताना बायका वगळतो का आपण? इंग्रजीची दुखणी मराठीच्या गळ्यात कशाला? 'देखभाल-विवर' लिहा.

लोहारचाळ : विवर! फिटर पळून जाईल. साइटवर सगळे 'मेनहोल' म्हणतात. आमच्या फिटरच्या मते मेन लाइनचं होल म्हणून मेनहोल, त्यात पुरुषबिरुष नाहीच. आणि प्लग-सॉकेट अजून मेल-फिमेलच आहेत. गिऱ्हाईक 'दोन फिमेल द्या' म्हणतं, कोणी हसतही नाही.

मुलुंडचा : न हसणं म्हणजे चालतं असं नाही. 'स्लेव्ह' टाळा असं लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना 2003 मध्येच सांगितलं होतं, तेव्हा चेष्टा झाली. 2020 मध्ये गिटहबने, म्हणजे प्रोग्रॅमर कोड ठेवतात त्या संकेतस्थळाने, कोडच्या मुख्य शाखेच्या 'मास्टर' या नावाचं 'मेन' केलं. देवनागरीतला 'स्लेव्ह' टोचत नाही म्हणता? 'गुलाम पंप' छापून बघा.

भांडुपकर : मला 'मनुष्य' नाही, 'प्रवेशिका' खटकते. जणू माणसाने आत जायचंच. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी आहे. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मॅनहोलकडून मशीनहोलकडे' ही घोषणाही झाली. तुमच्या पुस्तिकेत माणूस उतरतो का?

परळकरीण : उतरतो. 'आत उतरण्यापूर्वी वायूची तपासणी करावी.'

भांडुपकर : करावी, पण कोणी? यावर शेरा नाही आला ना? 'पर्यवेक्षकाने तपासणी करावी, तोवर कोणालाही उतरू देऊ नये' असं लिहा. नाव काहीही ठेवा मग.

परळकरीण : मुळात कर्ता नाही, मी कुठून आणू? पण कळवते त्यांना.

जुना_लेखनिक : शब्द बदलून काय होतं ते लोकलमध्ये दिसतं. अपंगांचा डबा 'दिव्यांग' झाला, चढतानाची रेटारेटी तीच. 2015 ला 'मन की बात'मध्ये आला आणि चिकटला.

मुलुंडचा : नुसता चिकटला नाही, राज्यात दिव्यांग कल्याण विभागच आहे. पण माझा मामेभाऊ कुबड्या घेऊन त्याच डब्यातून जातो. म्हणतो, अपंग म्हणा, दिव्यबिव्य काही नाही माझ्यात.

लोहारचाळ : आमच्या आत्याला मात्र 'अपंग' कोणी म्हटलेलं खपत नाही. पाय अधू आहे म्हणायचं, बस.

परळकरीण : मंडळी, शुक्रवारी फाइल द्यायचीय. मेनहोल की मनुष्यप्रवेशिका?

जुना_लेखनिक : त्याआधी एक सांगा, 'विकलांग'मध्ये काय वाईट होतं?