टोमॅटिलोला फुलं ढीगभर, फळ एक नाही

कुंडीतली_वसू (मुलुंड पूर्व)
गणपती गेल्यावर ऑनलाइन मागवलेलं टोमॅटिलोचं (टोमॅटोसारखं दिसणारं हिरवं, आंबट मेक्सिकन फळ) बी पेरलं. पाच रोपं आली, चार गोगलगायींनी फस्त केली. उरलेलं एक वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत असं माजलंय की ग्रिलमधून शेजारच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीवर चाललंय. पिवळी फुलं रोज येतात आणि रोज सकाळी मी ती लादीवरून झाडून काढते. दोन-तीन आकाशकंदील (फळाभोवतीचं पापुद्र्याचं आवरण) धरले, दाबून पाहिले तर आत नुसती हवा! एकटं झाड फळत नाही असं कळलं, म्हणून त्याचीच फांदी दुसऱ्या कुंडीत लावली. तिलाही फुलं आली, पण रडगाणं तेच. खत कमी पडतंय का? सासूबाई म्हणतात, उपट आणि मेथी लाव.

गच्चीवाला
ताई, खत थांबवा, झालंय तेच जास्त आहे. फांदी लावली म्हणजे झाड तेच, फक्त कुंड्या दोन. टोमॅटिलोला स्वतःचा पराग चालत नाही, बियांपासून आलेलं दुसरं झाड लागतं. एकाच फळातल्या बियांची दोन रोपंसुद्धा बहुतेक वेळा चालतात. रसभरी याच कुळातली, पण ती एकटी फळते, तिथेच आपण फसतो. मधमाश्या येत नसतील तर सकाळी मऊ ब्रश या झाडाच्या फुलांतून त्या झाडाच्या फुलांत फिरवा.

मालवणी_कढई
फळ कंदिलात मावेनासं होऊन तो फाटायला लागला की काढा, हिरवंच. पापुद्रा खायचा नाही. आतला चिकटपणा कोमट पाण्यात चोळून धुवा. मेक्सिकोत याची साल्सा वेर्दे, म्हणजे हिरवी चटणी, करतात. मी तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजते आणि मिरची, लसूण, कोथिंबिरीबरोबर पाट्यावर भरड वाटते. भाकरीशी झकास.
पण खरी मजा कोलंबीच्या कालवणात. जानेवारीत कैरी कुठली मिळायला? चार-पाच टोमॅटिलो चिरून घालते. पाणी बेताचं घाला, त्यांना बरंच सुटतं. आणि कोकम अजिबात नको. पहिल्या खेपेला मी सवयीने दोन्ही घातलं, घरात सगळ्यांनी दहीभात खाल्ला.

कुंडीतली_वसू
अरे देवा, फांदीचं लक्षातच आलं नाही! पाकिटात सात बिया उरल्यात, आजच पेरल्या, यावेळी स्टुलावर ठेवून. सासूबाईंना कोलंबीचं सांगितलं. झाडाला शिमग्यापर्यंत मुदत मिळालीय. मेथी मात्र फांदीच्या कुंडीत लागली.