स्विफ्टचे शॉकअप, लोअर आर्म, ब्रेक, क्लच: कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. लाखभर किलोमीटर झालेत. इंजिन ठणठणीत आहे, ॲव्हरेजही चांगलं देते, त्यामुळे गाडी इतक्यात विकायची नाही. अडचण खालच्या बाजूची आहे. मी कराडला राहतो आणि कामासाठी कोल्हापूरला नियमित जाणं-येणं असतं. सहापदरीकरणाच्या कामामुळे त्या पट्ट्यात सर्व्हिस रोडवरून किती खड्डे खात जावं लागतं हे तिकडून जाणाऱ्यांना सांगायला नको. आता लहानशा गतिरोधकावरूनही पुढच्या डाव्या बाजूने खडखड येते, आणि जोरात ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप, माउंटिंग (शॉकअप वरून जिथे बसतो तो भाग), दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), लिंक रॉड (सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे), ब्रेक पॅड, दोन्ही डिस्क आणि क्लच सेट असं मिळून साधारण ३१ हजारांचं एस्टिमेट काढलं. डिस्क लेथवर घासून चालणार नाहीत का, असं विचारलं तर "सर, आमच्याकडे बदलतातच" एवढंच उत्तर मिळालं. जुन्या डिस्कची जाडी मोजून दाखवा म्हटलं, तर तेही कुणी केलं नाही. क्लच का बदलायचा याचं कारण "किलोमीटर झालेत ना" हे होतं. याचा मला मनापासून राग आला. पैसे खर्च करायला माझी ना नाही, पण काय झिजलंय आणि किती झिजलंय हे गाडीच्या मालकाला दाखवायला काय हरकत असावी?

आमच्या गावातल्या मिस्त्रींनी तेच काम बाहेरचे पार्ट घालून १८-१९ हजारांत करून देतो म्हणून सांगितलं. मिस्त्री भला माणूस आहे, वडिलांच्या वेळेपासून ओळख आहे. पण बाहेरचे म्हणजे नक्की कुठले, हे विचारलं की "चांगल्या कंपनीचे टाकतो" असं म्हणतात. त्यांच्या टेबलावर लिंक रॉडच्या दोन जोड्या पडल्या होत्या, एक कंपनीच्या खोक्यातली आणि एक बिननावाची. मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. कंपनीच्या रॉडचा बॉल जॉइंट (टोकाचा गोळ्यासारखा फिरता सांधा) फिरवायला अंगठ्याने चांगला जोर द्यावा लागत होता. दुसऱ्याचा जॉइंट कोरा असूनही नुसता रॉड तिरका केला की आपोआप लवंडत होता, आणि त्याचा रबरी बूट बोटाने दाबल्यावर कडक लागत होता. किमतीत निम्म्याचा फरक. तेव्हापासून डोक्यात गोंधळ आहे, कारण दुसरीकडे अनुभवी लोक असंही सांगतात की बॉश, गॅब्रिएल, व्हॅलिओ यांचा माल गाडी कंपन्यांकडेही जातो, मग खोक्यावरच्या नावाचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?

गाडीत आई-वडील असतात, महिन्याला खंबाटकी घाट उतरून पुण्याला जाणं असतं. ब्रेक आणि सस्पेन्शनच्या बाबतीत मला जुगार खेळायचा नाही. पण उगाच बारा हजार जास्त मोजायचीही इच्छा नाही. कुठले पार्ट कंपनीचेच घ्यावेत आणि कुठे बाहेरचे निर्धास्तपणे चालतील? मिस्त्री म्हणतात लोअर आर्म अख्खा न बदलता फक्त बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर) बदलू, ते योग्य आहे का? नकली माल कसा ओळखायचा? आणि जाता जाता, धाकट्या भावाची नवी गाडी वॉरंटीत आहे. त्याने बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी चाकणला पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

"बाहेरचे" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिली, गाडी कंपनीला माल देणाऱ्याच कारखान्याचा, पण त्याच्या स्वतःच्या खोक्यातला पार्ट. दुसरी, गाडी कंपनीला माल न देणाऱ्या, पण स्वतःचं नाव लावून विकणाऱ्या उत्पादकाचा पार्ट. हा उत्तमही असू शकतो आणि सुमारही. तिसरी म्हणजे नकली: कुणाच्या तरी नावाचं खोकं छापून आत भलतंच भरलेलं. तुम्ही पाहिलेला बिननावाचा लिंक रॉड दुसऱ्या प्रकारातला अगदी तळाचा म्हणावा लागेल. बॉल जॉइंट नवा असताना घट्टच असायला हवा. तुमची परीक्षा बरोबर होती.

आता "तोच कारखाना, तोच माल" याबद्दल. हे पुष्कळदा खरं असतं, पण नेहमी नाही. गाडी कंपनी त्या मॉडेलसाठी स्वतःचं ड्रॉइंग देते, रबराचा कडकपणा, शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हची सेटिंग, पॅडचं मिश्रण ठरवून देते आणि त्याबरहुकूम माल तपासून घेते. तोच उत्पादक खुल्या बाजारासाठी वेगळ्या ड्रॉइंगचा मालही काढू शकतो. शिवाय एखादा कारखाना शॉकअप बनवण्यात पारंगत असला म्हणून त्याच्या नावाने विकला जाणारा प्रत्येक पार्ट तोच बनवतो असं समजू नका. काही वस्तू दुसऱ्याकडून घेऊन खोक्यात घातलेल्या असतात. म्हणून ब्रँड निवडताना "हा उत्पादक मुळात हाच पार्ट बनवतो का" एवढं विचारा. शॉकअपसाठी गॅब्रिएल, क्लचसाठी व्हॅलिओ, लुक किंवा एक्सेडी, ब्रेकसाठी टीव्हीएस गर्लिंग, बॉश, राणे, फिल्टरसाठी बॉश, माहले. यात मला काळजीचं काही दिसत नाही.

तुमच्या गाडीसाठी माझं मत असं. ब्रेक पॅड कंपनीचे किंवा वरच्या नावांपैकी, याखाली अजिबात उतरू नका. घाट उतरताना पॅड तापतात, आणि हलक्या मिश्रणाचे पॅड तापले की पकड सोडतात. गावात फिरताना हे कधीच कळत नाही, खंबाटकीत कळतं. लोअर आर्म मी कंपनीचाच घेईन, कारण बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं. शॉकअपला नावाजलेला उत्पादक चालेल, फक्त दोन्ही बाजूंचे एकाच वेळी आणि एकाच नावाचे घ्या. त्यासोबत माउंटिंग, बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) आणि धुळीचा बूटही नवा टाका. जुना बूट फाटका असेल तर नव्या शॉकअपचं सील थोड्याच दिवसांत गळायला लागतं.

डिस्कबद्दल तुमचा राग रास्त आहे. डिस्कवरच, बहुधा कडेला किंवा मधल्या भागावर, किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर लावून मोजायला पाच मिनिटं लागतात. घासल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहणार असेल तर घासून घ्या, नसेल तर बदला. तुमचं स्टेअरिंग थरथरतंय त्याअर्थी डिस्क असमान झाल्या असाव्यात, पण त्या आधी मोजायला हव्यात.

प्रतिसाद २

दादा, माझं सांगलीला छोटं गॅरेज आहे. वरच्या काकांनी मालाबद्दल नेमकं सांगितलंय, मी फिटिंगबद्दल सांगतो, कारण माझ्या पाहण्यात चांगला पार्ट वाया जातो तो बहुतेक वेळा बसवताना.

नुसता बुश बदलण्यात गैर काही नाही, पण आधी बॉल जॉइंट तपासला पाहिजे. तो सैल असेल तर अख्खा आर्मच घ्या. जॉइंट टाइट असेल तर बुश प्रेसवर बसवणारा माणूस बघा. घण आणि पाइपचा तुकडा घेऊन ठोकून बसवलेला बुश आतून चिरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आर्मचे बुशवाले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर कसायचे. लटकत्या गाडीत कसले तर गाडी खाली आल्यापासून रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट लोकल होता. तुमच्या मिस्त्रींना हे नम्रपणे विचारा, जुना माणूस आहे, त्यांना ठाऊक असणार. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करायचीच.

क्लच घसरत नसेल तर हात लावू नका. तपासायची सोपी पद्धत: चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी त्या मानाने पुढे गेली नाही तर क्लच प्लेट गेली. तसं काही होत नसेल आणि पेडलही नेहमीसारखं असेल तर "किलोमीटर झालेत" हे कारण पुरेसं नाही. ज्या दिवशी गिअरबॉक्स खाली येईल त्या दिवशी मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. बेअरिंगचे पैसे वाचवले तर पुन्हा तीच मजुरी भरावी लागते.

अजून एक. कंपनीचा पार्ट घेण्यासाठी गाडी सर्व्हिस सेंटरलाच सोडली पाहिजे असं नाही. त्यांच्या पार्ट काउंटरवर चेसिस नंबर दिला की तुमच्याच गाडीचा पार्ट नंबर निघतो आणि छापील किमतीत सुटा पार्ट मिळतो. तो आणून मिस्त्रीकडून बसवा. माझी कितीतरी गिऱ्हाइकं असंच करतात. एस्टिमेटमधला मोठा फरक मजुरीत आणि न लागणाऱ्या कामांत असतो.

प्रतिसाद ३

नकली माल आणि वॉरंटी या दोनच मुद्द्यांवर लिहितो.

खोक्याची छपाई, होलोग्राम, क्यूआर कोड बघा, पण नुसत्या त्यावर विसंबू नका, छपाईची नक्कल होतेच. खरा आधार दुकानाचा आणि बिलाचा. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा दिल्लीच्या कश्मीरी गेटला काय, अस्सल आणि नकली माल एकाच गल्लीत मिळतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून अधिकृत वितरक शोधा आणि पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं जीएसटी बिल मागा. बिल द्यायला कुणी का-कू करत असेल तर तिथून निघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बहुतेकांवर २८ होता. कुणी जुन्या छापील किमतीने एस्टिमेट दिलं असेल तर ते तपासून घ्या. मिस्त्रींकडून काम करून घ्याल तेव्हा रिकामी खोकी आणि काढलेले जुने पार्ट दोन्ही परत मागा.

भावाच्या गाडीबद्दल. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणं, हा मुख्य आक्षेप होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्या एकाच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. तत्त्व काहीही असो, भावाला माझा सल्ला असा की वॉरंटी आहे तोवर ठरलेल्या सर्व्हिस कंपनीकडेच कराव्यात आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी वाचाव्यात. इंजिनचा मोठा क्लेम आला की पहिली मागणी सर्व्हिसच्या नोंदींची होते, आणि एका ऑइल बदलात वाचलेल्या पैशांसाठी तो वाद अंगावर घेण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. वरचे प्रतिसाद वाचून मिस्त्रींकडे गेलो आणि गाडी वर घेऊन त्यांच्यासोबत उभा राहून बघितलं. डाव्या बाजूचा बॉल जॉइंट पहारीने उचलला की हलतोय, उजवा घट्ट आहे पण बुश फाटलाय. दोन्ही लिंक रॉड सैल आहेत. डावा शॉकअप तेलाने ओला आहे. डिस्क मोजल्या, कोरलेल्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर आहेत, म्हणजे घासून चालतील. क्लचची चढावरची परीक्षा पाटणच्या रस्त्याला केली, जराही घसरत नाही.

बोल्ट कसण्याबद्दल विचारलं तेव्हा मिस्त्री हसले आणि म्हणाले, "ते तर चाकं टेकवूनच कसायचं असतं." जिवात जीव आला.

ठरवलंय असं: दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि ब्रेक पॅड कंपनीच्या काउंटरवरून, शॉकअपची जोडी गॅब्रिएलची, माउंटिंग आणि बूट नवे, डिस्क लेथवर. क्लच राहू दे. उजवा आर्म फक्त बुशवर भागला असता, पण आई-वडील गाडीत असताना ती शंका डोक्यात ठेवायची नाही.

एकच विचारायचं राहिलं. कराडला डिस्क घासून देणारे आहेत, पण घासल्यावर दोन्ही बाजू समांतर आल्यात का आणि थर किती निघाला हे मोजून देणारं वर्कशॉप हवंय. कराड, सातारा किंवा कोल्हापुरात कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या रविवारी काम काढायचं आहे.