अनुभव धागा: 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'मधली तुमची टीम कोणती, आणि तीच का?

मार्व्हल कॉमिक्समधले हिरो आणि कॅपकॉम कंपनीच्या गेम्समधली पात्रं एकमेकांशी भिडतात, ती ही मारामारीच्या व्हिडिओ गेम्सची मालिका. त्यात हल्क भारी की र्‍यू, यावर आजवर पुष्कळ भांडून झालंय. ते इथे नको. १९९६च्या 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'ने एकट्यादुकट्याची मारामारी संपवली आणि जोडी आणली. २०००च्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २'मध्ये तर ५६ पात्रांतून तिघं निवडायचे! खरी मजा तिथे आहे. टीम बघितली की समोरचा माणूस निम्मा कळतो, असं माझं ठाम मत आहे. तर सांगा, तुमचे तिघं (किंवा दोघं) कसे जमले, आणि लक्षात राहिलेली एखादी लढत. टिअर लिस्ट (पात्रांची ताकदीनुसार क्रमवारी) चिकटवू नका. नुसती बटनं बडवणाऱ्यांनीही बिनधास्त लिहा.

सुरुवात मीच करतो. कॅप्टन अमेरिका, कॅप्टन कमांडो आणि सायक्लॉप्स. दोन कॅप्टन एका टीममध्ये हवेत, एवढाच आधी हट्ट होता. मग कळलं की कमांडोचा असिस्ट (बाहेर थांबलेल्या साथीदाराने क्षणभर येऊन मारलेला मदतीचा फटका) म्हणजे सोनं आहे. बटन दाबलं की तो येऊन जमिनीवर हात आपटतो, विजेचा खांब थेट वरपर्यंत उभा राहतो आणि वरून उडी घेणारा आयता सापडतो. कॅप्टन अमेरिका मात्र प्रेमापोटी. आधीच्या गेम्समध्ये त्याची ढाल फेकल्यावर झेलता आली नाही तर ती खाली पडून राहायची आणि मार खात खात ती उचलायला जावं लागायचं. कॉमिकमधल्या माणसाला गेममध्ये उतरवताना इतका बारीक विचार केलेला बघून मी तिथेच विरघळलो.

*

केबल, तो मार्व्हलचा बंदूकवाला. बाकीचे दोघं कोणीही चालतील.

गंमत नाही करत. माझ्याकडे मीटर (मोठ्या फटक्यांसाठी साठत जाणारी शक्ती) भरलेलं असलं की समोरच्याचा खेळच बदलतो. तो उड्या मारायचं थांबतो, असिस्ट बोलवायला कचरतो. कारण त्याचा असिस्ट पडद्यावर आला रे आला की मी उडी मारून हवेतूनच बीम सोडतो. स्क्रीन काळवंडते, आडवा झोत जातो, खाली टेकतो न टेकतो तोच पुन्हा उडी आणि पुन्हा बीम. एका चुकार बटनापायी त्याचा असिस्टही भाजतो आणि मुख्य पात्रही. मित्र याला भ्याडपणा म्हणतात. म्हणोत.

*

वरच्या केबलवाल्यांना सा. न.

माझी टीम सर्व्हबॉट, रोल आणि डॅन. हो, तिन्ही रद्दड. दादा मॅग्नेटो-स्टॉर्म-सेंटिनेल घेऊन खेळायचा आणि मला कंट्रोलर दिला तरी 'तू फक्त ब्लॉक कर' म्हणायचा. मग मी ठरवलं की हरायचंच आहे तर निदान त्याला चीड आणून हरू. सर्व्हबॉट हा पिवळ्या डोक्याचा बुटका. त्याच्या फटक्याने समोरच्याची हेल्थ हलल्यासारखीसुद्धा दिसत नाही. पण तो इतका ठेंगणा की बरेचसे ठोसे त्याच्या डोक्यावरूनच निघून जातात. दादाचा तो अवाढव्य सेंटिनेल हवेत हात फिरवतोय आणि खाली हे पिल्लू त्याच्या पायाशी टिचक्या मारतंय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. शेवटी वेळ संपली आणि हेल्थ माझी जास्त निघाली. दादाने रिमॅच मागितला, मी दिला नाही. अजूनही देत नाही.

*

हल्क, हॅगर, सेंटिनेल. तिन्ही धिप्पाड, तिन्ही संथ, 'यांनी जिंकता येत नाही' असं सगळे सांगायचे. २०१५च्या एव्हो या फायटिंग गेम्सच्या स्पर्धेत चिलीच्या केन ब्लू रिव्हरने हीच टीम घेऊन 'अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३' जिंकली. तेव्हापासून मी कुणाला स्पष्टीकरण देत नाही.

*

मी कॉमिक्सकडून आले. 'स्ट्रीट फायटर'चं मला काही नव्हतं. १९९५च्या 'मार्व्हल सुपर हीरोज'मध्ये शेवटी थॅनोस आहे आणि लढताना ती इन्फिनिटी रत्नं वापरता येतात, एवढं ऐकून बसले. सोल जेम मिळाला की हेल्थ भरून येते, म्हणून त्याच्यावर अक्षरशः झडप घालायची. ब्लॅकहार्ट आणि शुमा-गोराथ हे माझे दोघे लाडके, कारण हिरोंच्या गर्दीत त्यांना कोण विचारणार? त्यामुळे २०१७च्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट'मध्ये एक्स-मेनपैकी एकही नाही हे पाहिलं आणि काय खेळू तेच कळेना. मॅग्नेटो नाही, स्टॉर्म नाही, वुल्व्हरिन नाही. खेळायला गेम वाईट नाही, पण माझी टीमच होत नाही त्यात.

*

आमच्याकडे 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' पहिल्या प्लेस्टेशनवर होता. त्यात मेमरी पुरत नव्हती म्हणून लढतीच्या मधेच जोडीदार बदलणं काढूनच टाकलं होतं. तो नुसता येऊन मदतीचा फटका मारून जायचा. सेगा सॅटर्नवर ४ मेगाबाइटचं रॅम कार्ट्रिज लावून जपानमध्ये जोडीदार बदलण्यासकट पूर्ण गेम चालायचा, हे फार नंतर कळलं. तोवर आम्ही 'असाच असतो गेम' म्हणून मनसोक्त खेळून घेतलं होतं.

*

वेस्कर, हॅगर, फिनिक्स ('अल्टिमेट ३'). फिनिक्स कुणी फुंकर मारली तरी मरते. पण मीटरचे पाचही बार भरलेले असताना मेली तर डार्क फिनिक्स होऊन उठते, आणि मग समोरच्याची पळता भुई थोडी. म्हणजे सगळी लढत त्या पाच बारांची. मी साठवतोय, समोरचा स्नॅपबॅक (पात्र जबरदस्तीने बदलायला लावणारा फटका) मारून तिला आधीच बाहेर ओढायला टपलाय. चार बार झाले की माझे हात घामेजतात. त्या काही सेकंदांसाठी मी खेळतो, जिंकण्याचं नंतर बघू.

*

मी खेळत नाही, नवरा खेळतो. पण 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २'च्या पात्रनिवडीच्या स्क्रीनवरचं ते जॅझ गाणं या घरात सगळ्यांना पाठ आहे. ज्याने मारामारीच्या गेमला असं संगीत द्यायचं ठरवलं, त्याला माझा नमस्कार.

*

२०२४च्या कलेक्शनमुळे पुन्हा लागलाय नाद. सात जुने गेम, आणि ऑनलाइनला रोलबॅक. म्हणजे समोरच्याचं बटन उशिरा पोचलं तर गेम अंदाजाने पुढे जातो आणि अंदाज चुकला तर क्षणभर मागे येऊन दुरुस्त करतो. त्यामुळे दूर गेलेल्या जुन्या मित्राशी अगदी शेजारी बसल्यासारखं खेळता येतं. आधी फक्त जपानी आवृत्तीत असलेला तो चष्मेवाला नोरिमारोसुद्धा आता सगळ्यांना मिळतो. माझी सध्याची जोडी नोरिमारो आणि ओमेगा रेड. का, ते विचारू नका.

आणि सर्व्हबॉटवाल्या ताई, ऑनलाइन या. मी सेंटिनेल घेऊन थांबतो. तुमच्या दादाचा रिमॅच माझ्याकडून.