परतणाऱ्या यानाचा सॉनिक बूम घरातून ऐकताना: तुमची निरीक्षणं लिहा

धागाकर्ता
2025 पासून स्पेसएक्सच्या ड्रॅगन या अंतराळकुप्या फ्लोरिडाऐवजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी उतरतात. शुभांशु शुक्ला यांची कुपीही 15 जुलै 2025 ला सॅन डिएगोजवळच्या समुद्रात उतरली; तिथे पहाटेचे 2:31, भारतात दुपारचे 3:01. त्यामुळे हा धडाका, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगानं येणाऱ्या यानाच्या आघातलहरीचा आवाज, आता त्या किनाऱ्यावरच्या मराठी घरांतही ऐकू येऊ शकतो. जाणकारांनी नेमकं लिहावं: गाव, सेकंदासकट वेळ, धडाके किती, त्यांच्यात किती अंतर, आणि नुसता आवाज आला की दारं-खिडक्याही हलल्या.

टायटसव्हिलकर
नासाच्या शटल या अंतराळयानाचा धडाका जोडीनं यायचा. पहिला ठोका नाकाकडच्या आघातलहरीचा, दुसरा शेपटीकडच्या, मध्ये साधारण अर्धा सेकंद. शटल 37 मीटर लांब होतं म्हणून दोन्ही सुटे ऐकू यायचे. लढाऊ विमानाचे ठोके इतके चिकटून येतात की बऱ्याचदा एकच वाटतो.

एक गैरसमज आधी काढून टाका. ध्वनीची मर्यादा ओलांडताना एकदाच आवाज होतो, असं नाही. यान स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, असेपर्यंत लहर त्याच्यासोबत फरफटत येते आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला आपापल्या वेळी धडाका देते. म्हणूनच एका गावातली वेळ दुसऱ्या गावाला लावता येत नाही.

फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावर शटल टेकण्याआधी काही मिनिटं हा जोडठोका यायचा, आणि वाट पाहणाऱ्यांसाठी यान आल्याची खूण तीच असायची. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया हे शटल 9:16 ला उतरायचं होतं, कल्पना चावला त्यात होत्या. त्या सकाळी ठोका आलाच नाही. या आवाजाचं इथे इतकं महत्त्व का, ते एवढ्यावरून कळावं.

शटल 2011 ला थांबलं तरी आवाज संपले नाहीत. एक्स-37बी या मानवरहित यानाची उतरण्याची वेळ आधी सांगत नाहीत. 7 मे 2017 च्या सकाळी ते केनेडीला उतरलं, तेव्हा मध्य फ्लोरिडातले लोक त्याच्या धडाक्यानं दचकून उठले.

सॅनडिएगोकर
कुपीसाठी वेळेचा अंदाज असा बांधा. मोठ्या पॅराशूटांच्या आधीची दोन छोटी पॅराशूटं साधारण 5.5 किमी उंचीवर उघडतात, आणि तेव्हा वेग ताशी 560 किमीच्या आसपास असतो, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी. स्वनातीत टप्पा त्याआधीच संपलेला असतो. आता आपल्या घरापासून कुपीच्या त्या स्वनातीत वाटेचं तिरकं अंतर किलोमीटरमध्ये काढा आणि दर किलोमीटरला 3 सेकंद धरा. 50 किमी असेल तर जवळपास अडीच मिनिटं. म्हणजे पडद्यावर पॅराशूट दिसलं आणि आवाज आला नाही म्हणून आत जाऊ नका, तो अजून वाटेत असू शकतो.

थेट प्रक्षेपणही मागे असतं, त्यावर घड्याळ लावू नका. फोनची स्वयंचलित वेळ चालू ठेवा आणि तिच्यावरूनच नोंद करा. कुपी आखूड असल्यानं दोन ठोक्यांऐवजी एकच जाणवू शकतो.

दाबमापक
आकडे देतो. उतरताना माख 1.5 (ध्वनीच्या दीडपट) वेगानं 60,000 फुटांवर असलेल्या शटलचा जमिनीवरचा जादा दाब नासा 1.25 पौंड प्रति चौरस फूट देते, म्हणजे सुमारे 60 पास्कल. कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाचा 1.94 होता. 1 पौंडाला बांधकामाचं नुकसान अपेक्षित नसतं, 2 ते 5 मध्ये क्वचित किरकोळ नुकसान होऊ शकतं. कानाला 60 पास्कल भीतिदायक वाटतात ते दाब झटक्यात चढतो म्हणून.

नोंद घ्यायची असेल तर फायफॉक्स हे अ‍ॅप घ्या आणि दाबमापक असलेला फोन. 60 पास्कल म्हणजे 0.6 हेक्टोपास्कल, आलेखावर उडी दिसायला पुरेसं. पण संवेदक सावकाश वाचत असेल तर अणकुचीदार शिखर हुकतं; आलेखातली उंची कमी आली म्हणून बूम लहान होता असं म्हणू नका. वारा हा मोठा शत्रू. फोन खिडकीत न ठेवता आतल्या खोलीत, सपाट जागी ठेवा. दारं आपटू देऊ नका, तीही आलेखात तशीच दिसतात.

आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. लहरीचा बराचसा जोर 20 हर्ट्झच्या खाली असतो. फोनचा माइक तो भाग कापतो, वर आपोआप आवाज कमी-जास्त करतो. उरतं ते खिडकीच्या तावदानाचं खडखडणं. हाताने पातळी लावता येणारा रेकॉर्डर असेल तर ती खाली ठेवा आणि माइकवर स्पंजची टोपी चढवा.

पॅसाडेनाकर
यात एक सुंदर गोष्ट जोडायलाच हवी. 13 ऑगस्ट 1989 ला कोलंबिया कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर उतरताना पॅसाडेनाच्या भूकंपमापकावर हवेतली लहर पोचण्याच्या 12.5 सेकंद आधीच एक हेलकावा उमटला. भूकंपशास्त्रज्ञ हिरू कानामोरी आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये उलगडा केला: लहर आधी लॉस एंजेलिसच्या उंच इमारतींवर आदळली, इमारती हलल्या, आणि तो धक्का जमिनीतून हवेच्या कितीतरी पुढे धावला.

घरात भूकंप की बूम हे ओळखायचं तर जमिनीकडे लक्ष द्या, भूकंपात ती हलते. बूममध्ये तावदानं, शटर, सैल दारं हलतात आणि सगळं एक-दोन सेकंदांत संपतं. ढगांसारखी लांब गडगड ऐकू आली तर तुम्ही बहुधा बूम जिथे नीट ऐकू येतो त्या पट्ट्याच्या कडेला किंवा बाहेर आहात.

काचकाम
ज्या रात्री यान येणार असेल त्या रात्री सैल तावदानांची पुट्टी आणि रबर पट्टी बघून घ्या. खडखडाट बहुतेक तिथूनच येतो. भिंतीत आधीपासून तडे असतील तर मोजपट्टी धरून तारखेसह फोटो काढा. नंतर तक्रार करायची वेळ आली तर जुना तडा कुठला, नवा कुठला हे दाखवता येतं.

आणि आकाशात झगमगाट दिसला तर काचेला नाक लावून उभे राहू नका. चेल्याबिन्स्कला 15 फेब्रुवारी 2013 ला अशनी फुटला. उजेड पाहून लोक खिडक्यांशी गेले, लहर नंतर आली आणि दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली, बरीचशी काचांनी. यानाची लहर त्यापुढे काहीच नाही, पण सवय तीच लावावी.

बेंगळुरूकर
आपल्याकडे घरबसल्या ऐकू येतात ते धडाके विमानांचे. 20 मे 2020 चा बेंगळुरूचा आवाज हवाई दलाच्या चाचणी उड्डाणाचा होता. 36,000 ते 40,000 फुटांदरम्यान वेग स्वनातीतवरून खाली आणला जात होता, आणि 65 ते 80 किमी दूरपर्यंत तो ऐकू येऊ शकतो, असं संरक्षण खात्यानंच सांगितलं. इस्रोची एसआरई-1 ही कक्षेतून परत आणलेली कुपी 22 जानेवारी 2007 ला बंगालच्या उपसागरात उतरली, घरांपासून लांब. चित्रदुर्गला उतरवलेलं पुष्पक हे इस्रोचं पंखवालं चाचणी यान हेलिकॉप्टरनं 4.5 किमीवरून सोडलं होतं, ते स्वनातीत झालंच नाही, म्हणून धडाका नाही.

चंद्रपूरहून
2 एप्रिल 2022 ला विदर्भाच्या आकाशात दिसलेल्या आगीच्या रेषा रॉकेटच्या अवशेषांच्या होत्या. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली. असा उजेड दहा किलोमीटरांच्या कितीतरी पट उंचावर असतो. 60 किमी उंची धरली तर आवाज यायला तीन मिनिटं लागतात, आणि येताना तो विरलेला असतो. असं काही परत दिसलं तर घड्याळ पाहून ठेवा, गप्पा थांबवा आणि पाच मिनिटं ऐकत राहा.