पहिला ईओएफ म्हणजे वाऱ्यांच्या चढउताराचा खरा ‘मोड’ मानावा का?

रेखांश (धागाकर्ता)

मोठ्या पल्ल्याच्या वाऱ्यांतील चढउतार अभ्यासताना आपण बहुतेक जण एकाच वाटेने जातो. 850 (वातावरणाचा खालचा थर) किंवा 200 (वरचा थर) हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरील पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, त्यांतून ऋतुचक्र वजा करायचे, उरलेल्या विचलनांचे मुख्य घटक विश्लेषण करायचे आणि ज्या आकृतिबंधात सर्वाधिक प्रचरण (चढउतारांचा विस्तार, व्हेरियन्स) सामावते त्याला ‘पहिला मोड’ म्हणायचे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1956 मध्ये ही पद्धत, म्हणजे ईओएफ (एम्पिरिकल ऑर्थोगोनल फंक्शन्स; तिने मिळणाऱ्या आकृतिबंधांनाही हेच नाव), हवामानशास्त्रात आणली तेव्हा सांख्यिकी अंदाजासाठी हाताळायच्या आकड्यांची संख्या आटोक्यात ठेवणे हा हेतू होता. त्या कामासाठी ती उत्तमच आहे. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे: गणिताने काढून दिलेला आकृतिबंध वातावरणातील स्वतंत्र प्रक्रिया आहे असे धरून चालणे.

अशी कल्पना करा की एक झोतवारा (उंचावरील वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा) आपला आकार आणि जोर अजिबात न बदलता केवळ उत्तर-दक्षिण सरकतो आहे. येथे हालचाल एकच आहे. तरीही विश्लेषण आपल्याला निदान दोन आकृतिबंध देईल: पहिला दोन पट्ट्यांचा, ज्यात सरासरी जागेच्या एका बाजूला वारा वाढतो व दुसऱ्या बाजूला घटतो, आणि दुसरा तीन पट्ट्यांचा, जो पाहून कोणीही ‘झोताची तीव्रता बदलते आहे’ असेच म्हणेल. दोहोंच्या कालमालिकांमधील सहसंबंध शून्य येईल, कारण ती अट आपणच घातलेली असते. पण त्या एकमेकींसमोर मांडल्या तर बिंदू परवलयासारख्या वक्रावर पडतील, म्हणजे पहिलीची किंमत कळली की दुसरीची जवळपास ठरलेलीच असेल. सहसंबंध नाही म्हणून प्रक्रिया स्वतंत्र, हे अनुमान येथे सपशेल चुकते.

आर्क्टिक दोलनाचे, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा आणि त्याच्या दक्षिणेकडचा हवेचा दाब उलटसुलट बदलण्याचे, उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. थॉम्पसन आणि वॉलेस यांनी 1998 मध्ये समुद्रसपाटीच्या दाबाच्या पहिल्या ईओएफवरून ते मांडले. त्या आकृतीत अटलांटिक आणि पॅसिफिक ही दोन्ही केंद्रे एकत्र दिसतात, पण त्या दोन ठिकाणच्या प्रत्यक्ष दाबांमधील परस्परसंबंध अतिशय क्षीण आहे. अँबाम, हॉस्किन्स आणि स्टीव्हनसन यांनी 2001 मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. माझ्या मते भौतिक पुरावा स्वतंत्रपणे मिळेपर्यंत ‘मोड’ हा शब्द वापरूच नये.

पूर्ववारा

आपले झोतवाऱ्याचे उदाहरण अचूक आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला फार कडक वाटतो. मॅडन-ज्युलियन दोलनाचा (विषुववृत्ताजवळ ढग व वाऱ्यांचा पूर्वेकडे सरकत जाणारा फेरा) 2004 सालचा व्हीलर-हेन्डन निर्देशांक पाहा. 15 अंश दक्षिण ते 15 अंश उत्तर या पट्ट्यातील 850 व 200 हेक्टोपास्कलवरील वारा आणि अंतराळाकडे जाणारे दीर्घलहरी प्रारण (ज्यावरून ढग ओळखतात) यांचे एकत्रित ईओएफ काढले, तर पहिले दोन आकृतिबंध एकमेकांपासून पाव चक्र सरकलेले मिळतात आणि त्यांच्या कालमालिका पूर्वेकडे जाणारा संकेत दाखवतात. खालच्या थरात एका दिशेचे वारे, वरच्या थरात त्याच्या उलट दिशेचे आणि त्यांच्याशी जुळणारे ढग, हे सारे लंबकोनीपणाच्या (आकृतिबंध परस्पर असंबद्ध ठेवण्याच्या) अटीमुळे आपोआप जुळून येत नाही.

नमुनासंख्या

दोघांनीही नमुन्याचा प्रश्न बाजूला ठेवला आहे. नॉर्थ आणि सहकाऱ्यांच्या 1982 च्या निकषानुसार आयगेनमूल्यातील (आकृतिबंधात सामावलेल्या प्रचरणाच्या आकड्यातील) त्रुटी साधारण त्या मूल्य गुणिले 2/N च्या वर्गमूळाइतकी असते; N म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या. समजा 40 हिवाळ्यांच्या सरासऱ्या घेतल्या, तर ही त्रुटी सुमारे 22 टक्के होते. पहिला आकृतिबंध 25 टक्के आणि दुसरा 20 टक्के प्रचरण सांगत असेल, तर त्यांच्यातील 5 टक्क्यांचे अंतर त्रुटीतच बुडून जाते आणि दोन्ही आकृतिबंध एकमेकांत मिसळलेले असू शकतात. दैनिक नोंदी घेतल्याने N कागदावर 3600 होतो खरा, पण आजचा वारा कालच्या वाऱ्यासारखाच असतो. लगतच्या दिवसांचा सहसंबंध 0.8 धरला, तर सरासरीसाठीच्या नेहमीच्या सूत्राने स्वतंत्र नमुने 400 च्या आसपासच उरतात. हा हिशेब न देता काढलेल्या कोणत्याही नकाशावर मी विश्वास ठेवणार नाही.

पूर्ववारा

हिशेब मान्य, पण तो दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. 400 नमुन्यांवर त्रुटी 7 टक्क्यांवर येते आणि आपल्याच उदाहरणातील दोन आकृतिबंध वेगळे ठरतात. शिवाय मॅडन-ज्युलियनच्या जोडीतील आयगेनमूल्ये जवळजवळ समान आहेत, म्हणजे आपल्या निकषाने ती जोडी ‘वेगळी न करता येणारी’ ठरते. वास्तविक सरकणाऱ्या तरंगाची खूण हीच असते.

रेखांश (धागाकर्ता)

ते दोलन 1971 मध्ये मॅडन आणि ज्युलियन यांना सापडले ते पॅसिफिकमधील कँटन या एकाच बेटावरील वारा व दाबाच्या नोंदींच्या वर्णपट विश्लेषणातून (किती दिवसांचे चढउतार ठळक आहेत हे पाहून). ईओएफ नंतर आले, मोजपट्टी म्हणून. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

पूर्ववारा

मग दक्षिण गोलार्धाकडे या. डेव्हिड लॉरेन्झ (वर उल्लेख आलेले लॉरेन्झ नव्हेत) आणि हार्टमन यांनी 2001 मध्ये दाखवले की तेथील पश्चिमी वाऱ्यांचा पहिला आकृतिबंध अधिक काळ टिकतो, कारण सरकलेला झोत भोवऱ्यांकडून (वातावरणातील फिरत्या वादळी प्रवाहांकडून) होणारे संवेगाचे वहन आपल्या बाजूने वळवून घेतो.

रेखांश (धागाकर्ता)

केवळ टिकाऊपणा हा पुरावा नव्हे, एवढे नोंदवतो. माझ्या उदाहरणात दुसरी कालमालिका पहिलीच्या वर्गाप्रमाणे वागते आणि वर्गाची स्मृती मूळ मालिकेपेक्षा लवकर विरते. त्यामुळे कोणताही प्रतिपोष (फीडबॅक) नसतानाही पहिला आकृतिबंध जास्त टिकाऊ दिसेल. मात्र त्यांनी संवेगवहन स्वतंत्रपणे मोजले आणि वारा पुढे, भोवरे मागे असतानाही धन संबंध टिकतो हे दाखवले, आणि मी मागत होतो तो बाहेरचा पुरावा हाच. तेव्हा दक्षिण गोलार्धापुरता माझा आक्षेप मागे घेतो. आर्क्टिक दोलनाबाबत तो कायम आहे, आणि अटलांटिक-पॅसिफिक जोडीसाठी अशी मोजणी कोणी येथे मांडणार असेल तर ती मला अवश्य वाचायची आहे.